गोल घुमटात ओरडून झाल्यावर

विजापूरच्या गोल घुमटात शाळेची सहल पोहोचली की पुढे काय होणार हे ठरलेलेच असते. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याचा जिना चढून दमलेली मुले वरच्या सज्जात शिरतात. कुणीतरी स्वतःचे नाव ओरडतो, घुमट ते पुन्हा पुन्हा परत पाठवतो आणि मग सगळीच ओरडू लागतात. खाली उतरल्यावर वहीत तीन ओळी येतात: मोहम्मद आदिलशहाची कबर, १६५६ साली पूर्ण, जगातल्या मोठ्या घुमटांपैकी एक. बस पुढच्या ठिकाणाकडे निघते.

ओरडण्यात काहीच गैर नाही. त्या सगळ्या सहलीत इमारत मुलांशी बोलली ती तेवढ्याच एका क्षणी. गैर आहे ते तिथे थांबणे. हा घुमट तिथे टिकला कसा, हा प्रश्न ना मुलाला पडतो, ना कुणी त्याला विचारतो.

मुलांना वास्तुकलेची ओळख करून द्यायची म्हणजे त्यांना नामवंत इमारती दाखवायच्या, असा सर्वसाधारण समज आहे. ताजमहाल, वेरूळ, रायगड, गेटवे ऑफ इंडिया अशी यादी करायची आणि प्रत्येकीचे साल, बांधवून घेणारा आणि उंची सांगायची. हेतू चांगला असला तरी समज उथळ आहे. प्रत्येक इमारत हा कुणीतरी एका अडचणीवर शोधलेला तोडगा असतो. मुलाला आधी ती अडचण भिडली पाहिजे, मग तोडगा दिसला पाहिजे. साल आणि राजा त्यानंतर. शिवाय ही ओळख मूल रोज ज्या जिन्यावर बसते, ज्या खिडकीतून पाऊस बघते, तिथूनच सुरू व्हायला हवी. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. ते पायरीपायरीने तपासून पाहू.

१. आधी अडचण: चौकोनावर गोल

गोल घुमटाची खोली चौकोनी आहे. आतून एकेक बाजू सुमारे ४१ मीटर. त्यावर बसवायचा घुमट गोल, आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा. मध्ये एकही खांब नाही. घरी एखादा चौकोनी डबा घ्यावा आणि त्याच्या तोंडाहून जराशी लहान वाटी त्यावर उपडी ठेवून पाहावी. वाटी आत पडते. सतराव्या शतकातल्या कारागिरांपुढची अडचण हीच होती, फक्त त्यांची वाटी हजारो टनांची होती.

त्यांनी काढलेला तोडगा दुसरीतल्या मुलालाही कागदावर काढता येतो. एक चौकोन काढायचा, त्यावर तेवढाच दुसरा चौकोन तिरका ठेवायचा. आठ टोकांची चांदणी तयार होते. अंगणात रांगोळी काढणाऱ्या घरात ही आकृती कुणालाच नवी नाही. चांदणीच्या पोटात एक अष्टकोन आपोआप उमटतो आणि अष्टकोन वर्तुळाच्या बराच जवळ जातो. गोल घुमटात या दोन चौकोनांच्या आठ बाजूंवर आठ कमानी उभ्या आहेत. त्या एकमेकींना छेदत वर जातात आणि आत झुकतात. त्यामुळे खोलीचे तोंड वर जाताजाता अरुंद होते आणि घुमटाला बसायला जागा मिळते.

यात आणखी एक गंमत आहे. घुमट आपल्या वजनाने खालचा काठ बाहेर रेटत असतो. हे मुलांना अंगाने कळते: दोघांनी समोरासमोर तळवे टेकवून एकमेकांवर रेलायचे आणि पाय हळूहळू मागे न्यायचे. एका ठरावीक जागी पाय घसरायला लागतात. ते घसरणे म्हणजेच घुमटाचा रेटा. गोल घुमटात कमानींवरचे आत झुकलेले बांधकाम आपल्या वजनाने त्याविरुद्ध ओढते आणि दोन ओढींचा हिशेब जमतो. एवढे कळलेल्या मुलाने सज्जात जाऊन वर पाहिले की त्याला छतात चांदणी दिसते. आधी तिथे नुसती उंची होती.

आणि प्रतिध्वनी? आवाज ३८ मीटर पलीकडे जाऊन परत यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, म्हणून तो मूळ आवाजापासून वेगळा ऐकू येतो. एवढा भागाकार मुलांना जमतो. ओरडणे आणि समजणे यांत भांडण नाही.

२. पाहायच्या इमारती, राहायच्या इमारती

यादीच्या पद्धतीचा खरा तोटा बारीक आहे आणि तो पुढे मोठा होतो. सर्वांत उंच, सर्वांत जुनी, सर्वांत मोठी अशाच इमारती दाखवत गेले की मुलाच्या मनात इमारतींचे दोन वर्ग पडतात. एक पाहायच्या, तिकीट काढून. दुसऱ्या राहायच्या, ज्यांच्याकडे पाहण्यासारखे काहीच नाही. स्वतःचे घर, शाळा, एसटी स्टँड, दवाखाना या साऱ्यांची वर्गवारी कायमची दुसऱ्या रांगेत होते. हेच मूल मोठेपणी फ्लॅट घेताना फक्त चौरस फूट विचारते आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे हे विचारायचे विसरते.

म्हणून सुरुवात घराची. तीही घर सुंदर आहे म्हणून नव्हे, तर त्यातले निर्णय मुलाला स्वतः तपासता येतात म्हणून. पायरीची उंची टेपने मोजायची. एक पायरी इतरांपेक्षा दोन सेंटिमीटरने उंच असेल तर पाय तिथेच का अडखळतो, ते पाहायचे. दुपारी चारला ऊन कोणत्या फरशीपर्यंत येते तिथे खडूने रेघ मारायची, आणि मे महिन्यातली रेघ जपून ठेवून डिसेंबरातली तिच्याशी ताडून बघायची. खिडकीवरचा छज्जा किती पुढे आला आहे आणि पावसात कोणती भिंत ओली होते, हेही पाहायचे. याला पैसा लागत नाही, तिकीटही लागत नाही.

घरावरून गावावर जाता येते. कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे छपरे उतरती, कौलारू, आणि भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. सोलापूर आणि मराठवाड्याकडे पाऊस त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, म्हणून तिथे पांढऱ्या मातीचे सपाट माळवद चालले. उन्हाळ्यात त्यावर माणसे झोपली, धान्य वाळवले. एकाच भाषेच्या दोन टोकांना दोन छपरे, आणि दोन्ही बरोबर. भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यमानाचा तक्ता इतका जिवंत दुसरीकडे कुठे होत असेल?

३. वळचण कुठे गेली?

मराठी मुलांच्या बाबतीत या प्रश्नाला एक खास बाजू आहे. आपली भाषा घराच्या बांधणीतून उभी राहिलेली आहे. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, घर फिरले की घराचे वासेही फिरतात. कुणाला तरी मनाच्या कोपऱ्यात ठेवले जाते, कुणी उंबरठ्यावर अडून राहते, एखादे काम कळसाला जाते. संत बहिणाबाईंना वारकरी संप्रदायाची परंपरा सांगायची होती, तेव्हा त्यांनीही इमारतच उभी केली: ज्ञानदेवांचा पाया आणि तुकोबांचा कळस.

आज ही मुले म्हणींचा अर्थ पाठ करून गुण मिळवतात, पण आढे म्हणजे छपराच्या शिरावरचे आडवे लाकूड आणि वळचण म्हणजे भिंतीबाहेर आलेला छपराचा खालचा काठ, हे त्यांनी पाहिलेले नसते. ज्याने एकदा मुसळधार पावसात उतरत्या छपरावरून पाणी खाली धावताना पाहिले, त्याला ती म्हण समजावून सांगावी लागत नाही. वास्तुकलेची ओळख हा भाषेचाही तास आहे, आणि तो हातचा जाऊ देणे परवडणारे नाही.

जुन्या वाड्यांचे शब्द याहून पुढची गोष्ट सांगतात. देवडी, चौक, ओसरी, माजघर, परसू हा नुसता खोल्यांचा क्रम नाही. कुणी कुठपर्यंत यायचे, याचा तो नकाशा आहे. अनोळखी माणूस देवडीत थांबे, हिशेबाचे लोक ओसरीवर बसत, घरातल्या बायका माजघरात. काही माणसांना मागच्या दाराच्याही बाहेर उभे राहावे लागे. हे मुलांना सांगताना मोठी माणसे गडबडतात आणि कोरीव खांबांकडे वळतात. तसे करू नये. भिंती माणसांना सावली देतात आणि माणसांना वेगळेही करतात. दहाबारा वर्षांच्या मुलाला वाड्याचा आराखडा समोर ठेवून विचारावे, ‘तू कोण असतास, तर कुठपर्यंत आला असतास?’ समाजशास्त्राचा इतका थेट धडा क्वचितच मिळतो.

४. हातांना आधी कळते

फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली लहान मुलांसाठी केंद्र काढले. त्यातूनच पुढे किंडरगार्टन हा शब्द जगभर गेला. फ्रोबेल तरुणपणी काही काळ वास्तुकलेकडे वळला होता आणि नंतर स्फटिकांच्या अभ्यासात रमला होता. त्याने मुलांच्या हाती दिलेले लाकडी ठोकळे या दोन्ही वेडांतून आलेले होते. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे ठोकळे एका आईला आवडले आणि तिने ते घरी आणले. तिचा मुलगा म्हणजे पुढे नामवंत वास्तुकार झालेला फ्रँक लॉइड राइट. आपल्या बोटांत ते ठोकळे शेवटपर्यंत राहिले, असे त्याने म्हातारपणीही सांगितले. पुण्यात १९२७ साली जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी फर्निचरचा व्यवसाय असलेल्या कुटुंबात वाढले. लाकूड, सांधा, माप हे त्यांच्या भोवती पहिल्यापासून होते. २०१८ साली त्यांना वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला.

अशा उदाहरणांवरून ठोकळे दिले की वास्तुकार तयार होतो, असे सिद्ध होत नाही, आणि ते सिद्ध करण्याची गरजही नाही. त्यांतून एवढेच घ्यायचे की वजन, तोल आणि सांधा या गोष्टी शब्दांच्या आधी हाताला कळतात. हेलसिंकीत १९९३ पासून ‘आर्क्की’ नावाची मुलांसाठीची वास्तुकला शाळा चालते. तिथे चार वर्षांपासूनची मुले झोपड्या, पूल आणि शहरांचे नमुने करतात. त्यांपैकी बहुतेक पुढे दुसऱ्याच व्यवसायात जातात आणि त्यात शाळेला काही वावगे वाटत नाही.

महाराष्ट्राला मात्र हे हेलसिंकीकडून शिकावे लागत नाही. इथे दर दिवाळीला मुले किल्ला करतात.

५. दगडाने पाठ केलेले लाकूड

नामवंत इमारती मग दाखवायच्याच नाहीत का? जरूर दाखवाव्यात. पण तिथे मुलाला एखाद्या खुणेच्या मागावर सोडावे. त्यासाठी लोणावळ्याजवळच्या भाजे आणि कार्ले लेण्यांइतकी चांगली जागा नाही.

भाज्याच्या चैत्यगृहात मुलांना एवढेच सांगावे: खांबांकडे नीट बघा, काय विचित्र दिसते? थोड्या वेळाने कुणाच्या तरी लक्षात येते की खांब सरळ नाहीत, वरच्या बाजूला आत कललेले आहेत. खडक कोरून केलेल्या लेण्यात खांबाला कलायची काय गरज? डोंगरच छत धरून आहे, खांब काढून टाकले तरी ते पडणार नाही. उत्तर लाकडात आहे. या लेण्यांच्या आधी अशी सभागृहे लाकडात बांधली जात. वाकवलेल्या छताचा रेटा बाहेर जाई म्हणून लाकडी खांब आत कललेले रोवत. कोरणाऱ्यांच्या डोळ्यांत ती लाकडी इमारत भरलेली होती, आणि त्यांनी तिची सवयसुद्धा दगडात उतरवली.

कार्ल्याला हे आणखी स्पष्ट होते. तिथल्या भव्य चैत्यगृहाच्या छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्यांपैकी कितीतरी जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. त्या काहीच वजन पेलत नाहीत. मग बसवल्या कशासाठी? मुलांना इथे भांडू द्यावे. कुणी म्हणेल शोभेसाठी, कुणी म्हणेल आधीच्या घराची आठवण म्हणून, कुणी म्हणेल त्याशिवाय ते देवस्थान वाटलेच नसते. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. नवी वस्तू सुरुवातीला जुन्या वस्तूचे रूप घेते, ही गोष्ट ज्याला इथे सापडली, त्याला ती मोबाइलच्या पडद्यावरच्या फोनच्या चित्रातही सापडेल.

वेरूळच्या कैलास लेण्यात, म्हणजे सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात, प्रश्न उलटा होतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर वरून खाली कोरत आणले. आधी कळस, शेवटी पाया. इथे चिकटवणे नाही, नुसते काढणे. साबणाच्या वडीवर बोथट सुरीने मुलांनी हे घरी करून पाहावे. एक कोपरा उडाला की परत लावता येत नाही, हे पाच मिनिटांत कळते, आणि त्यानंतर वेरूळला ती बराच वेळ गप्प उभी राहतात.

६. इतिहास मागाहून येतो तेव्हा खोल जातो

रायगडाचा महादरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन प्रचंड बुरूज एकमेकांच्या आडून पुढे आलेले आहेत आणि वाट त्यांच्यामधून वळत जाते. धावत येऊन धडक मारायला सरळ जागाच ठेवलेली नाही, आणि वळणावर येणारा माणूस वरच्यांच्या टप्प्यात असतो. चौथीच्या मुलांनी इथे हल्लेखोर व्हावे आणि दरवाजा शोधावा. दहा मिनिटांनी कुणी बांधला हे विचारायला तीच पुढे येतील. तेव्हा हिरोजी इंदुलकरांचे नाव सांगावे आणि जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर त्यांनी आपले नाव कोरून ठेवले आहे, ते दाखवावे. त्या नावावर मुलाचा हात मग वेगळ्या भावनेने फिरतो.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात आले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. सिंधुदुर्ग समुद्रात का, राजगडाला एवढ्या लांब माच्या का, खांदेरीच्या बेटावर नेमके काय राखायचे होते, हे प्रश्न आता घरोघरी पोहोचले पाहिजेत. नाहीतर वारशाच्या यादीतून पाठांतराची आणखी एक यादी तेवढी तयार होईल.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा: हे सारे मुलांना झेपणार नाही, त्यांना गोष्टी आवडतात, गणित नाही. पण वाटी डब्यात पडते हे पाहायला गणित लागत नाही. लहान मुलाचा स्वाभाविक प्रश्न ‘हे पडत का नाही?’ हाच असतो. तो मोठ्यांना अवघड वाटतो कारण उत्तर त्यांनाही माहीत नसते. अशा वेळी ‘मलाही माहीत नाही, चल बघू’ असे म्हणणारे आईवडील आणि शिक्षक हवेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तोडगे, रेटा, वजन यांच्या चर्चेत वास्तूचा अभिमान आणि सौंदर्य हरवेल, असे काहींना वाटते. अनुभव उलटा सांगतो. ज्याने कधी पेटीला हात लावला आहे, तो मैफलीत जास्त रंगतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडी कोरीव कामात सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत हे कळल्यावर तिथले प्राणी आणि पाने शोभेची राहत नाहीत, कुणीतरी शिकताशिकता केलेली होतात. सौंदर्याला समजुतीने धक्का बसत नाही.

तिसरा आक्षेप: मोठ्या शहरांतल्या, सहलींचा खर्च झेपणाऱ्या मुलांसाठी हे ठीक, पाड्यावरच्या मुलाने काय पाहायचे? इथे ताराबाई मोडकांचे काम आठवावे. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात गेली, आणि शिकवायची साधने आजूबाजूच्या वस्तूंतून केली. त्याच भागातल्या वारली घराची कुडाची भिंत पाहावी. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधून त्यावर शेणमातीचा लेप दिलेला. काठी ताण घेते, माती दाब घेते आणि ऊन अडवते. सिमेंटमध्ये लोखंडी सळई घालताना हीच विभागणी होते. पाड्यावरच्या मुलाला ती घरच्या भिंतीत, आजीच्या हाताखाली शिकता येते. उलट मोठ्या सोसायटीतल्या मुलाला भिंतीच्या आत काय आहे ते कधी दिसतच नाही. अडचण असेल तर त्याची आहे.

चौथी गोष्ट आक्षेपाहून शंका म्हणावी अशी आहे: असे प्रश्न विचारणारी मुले आपल्या शाळेच्याही इमारतीला नावे ठेवतील. ठेवू द्यावीत. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हे प्रमाण साधे आहे. सुतळी आणि टेप घेऊन सहावीची मुले शाळेचा उतार मोजू शकतात. तो बाराऐवजी पाच फुटांत संपत असेल, तर खुर्चीतली मैत्रीण एकटी वर येऊ शकत नाही, हे त्यांना स्वतःच्या मापाने कळते. तक्रारीचा अर्ज त्यांनाच लिहू द्यावा, आकड्यांसह.

वेळेचा प्रश्न आणि किल्ला

शाळेचे वेळापत्रक भरलेले आहे आणि त्यात नवा विषय घालायची गरजही नाही. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात, गच्चीवर, सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला होतोच. बाजारात आता प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. तट, बुरूज, दरवाजा सगळे जागेवर, घरी आणून फक्त मावळे उभे करायचे. ते आणू नयेत. माती आणावी, दगड गोळा करावेत, पोते भिजवावे.

आणि मोठ्यांनी ‘छान झालाय’ म्हणून निघून न जाता शेजारी बसून दोनचार प्रश्न विचारावेत. शत्रू कुठून येईल? तिथला उतार एवढा सोपा का ठेवलास? टाके वर खोदलेस, पण त्यात पाणी कुठून येणार? बुरूज गोल का, चौकोनी का नाही? त्यावर मूल थोडे चिडते, मग माती उपसून बुरूज पुन्हा रचते. अळिवाची आणि मोहरीची हिरवळ उगवते तेव्हा मुळांनी उतार धरून ठेवलेला असतो, आणि न पेरलेली बाजू रोजच्या शिंपडण्याने वाहून गेलेली असते. मुलाला ते बोट दाखवून सांगावे लागत नाही.

भाऊबीज उलटली की मावळे डब्यात परत जातात आणि किल्ला तसाच राहतो. तेव्हा त्याला फावड्याने उडवू नये. मुलाच्या हाती पाण्याची झारी द्यावी आणि पाऊस पाडायला सांगावे. पहिला ढासळतो तो बहुधा दरवाज्याशेजारचा बुरूज, घाईत फक्त ओल्या मातीने थापलेला, आत एकही दगड नसलेला. मूल खाली वाकून ते बघते आणि पुढच्या वर्षी दगड कुठे घालायचा ते ठरवायला लागते.